दमाची जागा

माझा धंदा गाणी मोडण्याचा आहे. लोक गाणी रचतात, गातात, त्यांच्यावर नाचतात. मी ती मोडते. त्यातही मला वरातीत, मिरवणुकीत, गल्लीतल्या क्रिकेट स्पर्धेच्या बक्षीस समारंभात वाजून वाजून चोथा झालेली नाचाची गाणीच लागतात. ती संगणकावर घ्यायची, त्यांचा ठेका, कोरस, टाळ्या, शिट्ट्या सगळं सुटं करायचं आणि त्या सुट्या तुकड्यांतून काहीतरी नवं उभं करायचं. पुण्यात हे ऐकायला चाळीसेक माणसं येतात. त्यातली दहा माझ्या ओळखीची असतात आणि दोन चुकून आलेली असतात.

आईनं माझं काम एकदाच ऐकलं होतं. ऐकून म्हणाली, "काजल, बिघडल्याल्या मिक्सरवानी वाजतंय गं हे. तुझ्या बापानं जल्मभर सूर जोडला आन् तू तोडत बसलीयास."

मी हसले होते. पण आई जे म्हणाली ते खोटं नव्हतं. माझे वडील शिवराम ऐवळे, म्हणजे अण्णा, विट्याच्या पाखरू ब्रास बँडचे मास्तर होते. क्लॅरनेट वाजवायचे. लग्नसराई संपली की खडी क्रशरवर कामाला जायचे, आणि तिथल्या धुळीनंच पुढे त्यांचा घात केला. २०१६ साली कोल्हापूरच्या एका स्टुडिओनं अण्णांना आणि त्यांचे जोडीदार तायाप्पा गेजगे यांना एका दिवसासाठी बोलावलं. त्या दिवशी जे गाणं मुद्रित झालं ते 'निळी छत्री'. त्या गाण्यात मध्येच अकरा सेकंदांची क्लॅरनेटची एक ओळ येते. ती चढत चढत वर जाते, तिथं थरथरते आणि एका दमात खाली येते. या ओळीवर पुढची दहा वर्षं नवरदेवांचे मित्र भर रस्त्यात गुडघ्यावर बसून नाचले. गाण्यावर नावं आली ती गायकाची आणि संगीतकाराची. पण विट्यात अण्णांना सगळे 'छत्रीवाले मास्तर' म्हणू लागले. चहाच्या टपरीवर त्यांना खुर्ची मिळू लागली, आणि मी शाळेत छत्रीवाल्यांची पोरगी झाले.

बँडमध्ये क्लॅरनेटवाले दोघं असतात आणि ते खांद्याला खांदा लावून उभे राहतात. त्याला कारण आहे. वरात चार-चार तास चालते आणि सूर मध्येच तुटला तर नाचणाऱ्यांचे पाय अडखळतात. म्हणून एकाचा दम संपत आला की तो शेजारच्याला कोपरानं हलकेच ढोसतो. शेजारचा छाती भरून दम घेतो आणि सूर उचलतो. पहिला गप्प होतो, पण ओठ काढत नाही आणि बोटंही थांबवत नाही. बघणाऱ्याला वाटतं, दोघं अखंड वाजवताहेत. अण्णा आणि तायाप्पा काका वीस वर्षं असे एकमेकांचा दम राखत उभे राहिले.

दुसरी एक पद्धत पत्तीची. क्लॅरनेटच्या तोंडाशी वेताची पातळ पट्टी बसवतात, ती पत्ती. नवी पत्ती लगेच बोलत नाही. चार-सहा दिवस वाजवून ती मुरवावी लागते, आणि ज्याच्या ओठाखाली मुरते त्याच्या वळणावर जाते. पाखरू बँडात दोघांच्या पत्त्या एकाच माणसानं मुरवायची रीत होती. दोन्ही क्लॅरनेट एका घरातली वाटावीत, एवढाच त्यामागचा हेतू. त्या रीतीनं पंचवीस वर्षांनी एका हुशार यंत्राला चकवलं, आणि यंत्राबरोबर मलाही.

त्या यंत्राचं नाव उकल.

मिसळलेले आवाज वेगळे करणं ही तशी नवी गोष्ट नाही. मी लहान असतानाच संगणक गाण्यातून ढोल, गळा आणि बाकीची वाद्यं वेगळी काढून देत होता. पण ते ढोबळ होतं. दहा जणांचा कोरस असेल तर तो दहा जणांचा एकच गठ्ठा म्हणून यायचा. उकलनं तो गठ्ठा सोडला. तिचं तत्त्व समजायला सोपं आहे. दुधात साखर विरघळते तसे आवाज हवेत विरघळतात असं आपल्याला वाटतं, पण ते एका डब्यात पडलेल्या मुगामटकीसारखे असतात. निवडायला वेळ लागतो, पण निवडता येतात. खोलीत कुणी टाळी वाजवली की तो आवाज माइकपर्यंत सरळ येतो, शिवाय चारी भिंतींवर आपटूनही येतो, प्रत्येक वेळी सेकंदाच्या काही हजाराव्या भागानं मागे-पुढे. त्या मागे-पुढे होण्यावरून टाळी खोलीत कुठल्या जागी वाजली हे काढता येतं. दोन माणसं एकाच जागी उभी राहू शकत नाहीत. म्हणजे प्रत्येक जागेला एक माणूस आला. मग त्या जागेवरचं सगळं, सूर, खाकरा, बांगडीचा आवाज, श्वास, उकल एका पट्टीत मांडून दाखवते. जे खरोखर सापडलं ते पांढऱ्या रंगात. जे पुसलं गेलं होतं आणि यंत्रानं अंदाजानं भरलं ते निळ्या रंगात. निळं वापरायचं नाही हा माझा नियम आहे, आणि त्यापायी माझी अर्धी मैफल भोकाभोकांची असते.

उकल आली तेव्हा धमाल उडाली. मोठमोठ्या गायकांची झोप उडाली, कारण वरचे सूर भलत्याच कुणीतरी लावलेले निघू लागले. नाशिकच्या एका निवृत्त शिक्षिकेला तीस वर्षांपूर्वीच्या गाण्यात स्वतःची टाळी सापडली, आणि ती टाळी तिनं दाराच्या बेलला लावून घेतली. लोक जुनी गाणी घेऊन माझ्याकडे यायचे: ह्यात आमचे काका शिट्टी मारायचे, तेवढी काढून द्या. मी काढून द्यायचे. माणसाला आपल्या माणसाचं जरासंही पुरतं, हे मी रोज बघत होते.

'निळी छत्री'ला मात्र मी कधी हात लावला नव्हता. ते गाणं लागलं की मी रस्ता बदलायचे. त्याचं कारण सांगायचं तर तायाप्पा काकांचं सांगावं लागेल.

२०१९ साली, लग्नसराई अगदी तोंडावर आलेली असताना, तायाप्पा काका बँड सोडून गेले. गेले कुठे, तर एका डीजेवाल्याकडे, ट्रकवर स्पीकर चढवायला. ज्या डीजेनं आमचा बँड मोडीत काढला त्याच्याकडे. त्या दिवशी अण्णांनी क्लॅरनेट पेटीत ठेवलं ते परत काढलंच नाही. कुणी छत्रीची ओळ वाजवा म्हणालं की म्हणायचे, "जोडीदार न्हाई तर छत्री न्हाई." लोक चुकचुकायचे आणि तायाप्पाला नावं ठेवायचे. आमच्या घरी त्यांचं नाव घेणं बंद झालं. चार वर्षांनी अण्णा गेले. त्या दिवशी दुपारी तायाप्पा काका अनवाणी आमच्या दारात आले. आई उंबऱ्यात उभी होती. ती एवढंच म्हणाली, "आता कशाला आलाईसा? जावा." ते हलले नाहीत. मग मी दार लावलं. मी एकोणीस वर्षांची होते, आणि कडी घालताना मला बरं वाटलं होतं.

यंदा, म्हणजे २०४१ साली, विट्याच्या नाट्यगृहातून बोलावणं आलं. 'निळी छत्री'ला पंचवीस वर्षं झाली होती. गाव छत्रीवाल्या मास्तरांना विसरलं नव्हतं आणि त्यांची पोरगी पुण्यात संगणकावर काहीतरी करते, हेही गावाला कळलं होतं. मी मास्तरांची ओळ उकलून दाखवावी असं ठरलं. पोस्टर आधीच छापून झालं: 'शिवराम मास्तरांची अकरा सेकंदं'. आईनं फोन करून सांगितलं की ती पहिल्या रांगेत बसणार आहे.

"मिक्सर ऐकायला?" मी विचारलं.

"तुझं न्हाई, त्येंचं ऐकायला," आई म्हणाली. "अठरा वर्सं झाली गं काजल. फोटो हाय, कोट हाय, आवाज कुठं हाय? त्येवढा दे काढून."

मग मी नाही म्हणू शकले नाही.

ओळख पटवायला उकलला नमुना लागतो. अण्णांच्या वाजवण्याचा एकच नमुना माझ्याकडे होता. २०१७ साली घरात चाळा म्हणून त्यांनी चार सूर धरले होते, ते मी आईच्या मोबाइलवर टिपले होते. तो दिला. उकलनं 'निळी छत्री' चाळली आणि सांगितलं: क्लॅरनेट, शिवराम ऐवळे, खात्री शंभरात ब्याण्णव. ओळ सगळी पांढरी होती, कुठं निळा ठिपका नाही. मी ती एकदा ऐकली आणि खिडकीत जाऊन उभी राहिले. आईला फोन करून सांगितलं, सापडला. ती रडली आणि मग म्हणाली की नवं लुगडं काढते.

कार्यक्रमाला आठ दिवस उरले होते. एका दुपारी मी श्वास वेगळे काढायला बसले, कारण माझ्या कामात श्वास मला नेहमीच लागतात. उकलनं क्लॅरनेटच्या दोन जागा दाखवल्या, दोन्ही एका माइकसमोर, हातभर अंतरानं. ते बरोबरच होतं, दोघं जोडीनं उभे होते. पहिल्या जागेवर श्वास, मग ती ओळ. दुसऱ्या जागेवरही त्याच क्षणी श्वास, आणि पुढे काही नाही. काहीच नाही असं नव्हतं. बोटं होती. क्लॅरनेटच्या चाव्या उघडमीट होताना टिकटिकतात, ती टिकटिक ओळभर चालू होती. त्यातली एक टिक बोथट होती.

अण्णांच्या क्लॅरनेटच्या एका चावीची स्प्रिंग तुटलेली होती. तिला त्यांनी रबर गुंडाळलं होतं. ते रबर मी माझ्या वेणीचं काढून दिलं होतं.

मी दुसऱ्या जागेचा श्वास मोठा केला. आत जाताना बारीक शिट्टीसारखा, शेवटाला चिरकणारा. त्या श्वासाशेजारी मी लहानपणी झोपले आहे. त्याला ओळखायला मला नमुना लागत नाही.

मग मी सबंध गाणं पहिल्यापासून चाळलं. चार मिनिटं दहा सेकंदं. दुसऱ्या जागेवर एकही सूर नव्हता.

ब्याण्णव टक्के कुठून आले ते कळायला संध्याकाळ झाली. क्लॅरनेटच्या आवाजाला रंग येतो तो मुख्यतः पत्तीमुळे. उकलनं माणूस ओळखला नव्हता, पत्ती ओळखली होती. मी आईला फोन लावला.

"आई, अण्णांच्या पत्त्या कोण मुरवायचं?"

"आदी त्येच मुरवायचं दोगांच्याबी. शेवटशेवटी तायाप्पाच मुरवून आणून द्यायचा डबीतनं. का गं?"

"सहज."

"त्येचं नाव कशाला काढलंस आज?" आई म्हणाली आणि फोन ठेवला.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी विट्याजवळच्या लेंगऱ्याला गेले. तायाप्पा काका तिथं एकटे राहतात असं कळलं होतं. अंगणात पोत्यावर बसून ते लाल मिरच्यांची देठं खुडत होते. बहात्तर वर्षांचे, वाळलेले, पण बोटं अजून लांबसडक. मी हाक मारली, परत मारली. त्यांनी वर पाहिलं नाही. माझी सावली मिरच्यांवर पडली तेव्हा मान उचलली, क्षणभर मला न्याहाळलं आणि हात झटकून उठले.

"मास्तरांची काजल," ते म्हणाले. मग खिशातून फोन काढून माझ्यापुढे धरला. "ह्यात बोल. मला ऐकू येत न्हाई. ह्यो लिवून दावतो."

डीजेच्या स्पीकरांच्या भिंतीपुढं सात वर्षं काढल्यावर दोन्ही कानांच्या नसा गेल्या होत्या. कानात घालायच्या यंत्राचाही उपयोग नव्हता, कारण यंत्र आवाज मोठा करतं आणि इथं आवाज घ्यायलाच कुणी उरलं नव्हतं. हे त्यांनी मला पाऊसपाणी सांगावं तसं सांगितलं.

मी फोनमध्ये सगळं बोलले. गाणं, उकल, दोन जागा, रबराची चावी. अक्षरं उमटत गेली तशी ते ओठ हलवत वाचत गेले. बराच वेळ लागला.

"मास्तरांचा दम घावला मशीनला?" त्यांनी विचारलं.

मी होकारार्थी मान हलवली.

"न्हाई, दम घावला म्हंजी मग खरं मशीन हाय." ते परत पोत्यावर बसले. "त्या दिशी कोल्लापुरात तीन डाव घेतलं, तिन्ही डाव मास्तरांचा सूर मधीच तुटला. स्टुडिओवाला मला म्हणला, तुम्ही एकट्यानं वाजवा. मास्तर पेटी उचलून भाईर चाललं. मी म्हणलं, मास्तर, तुम्ही शेजारी हुबं ऱ्हावा, न्हाईतर मला जमायचं न्हाई. त्ये खोटं न्हवतं बग. ओळ त्येंनी बसवल्याली. कुठं दम घ्यायचा, कुठं राकायचा, समदं त्येंच्या छातीत. त्येंनी दम घेतला की म्या घेतला. त्येंची बोटं चालली तशी म्या चालवली."

"आणि नंतर लग्नांमध्ये?"

त्यांनी वाचलं. "तसंच. तीन वर्सं. गावाला दोगंबी वाजवत्यात असंच वाटायचं. आपली रीतच तशी हाय न्हवं."

"मग सोडून का गेलात काका?"

हे वाचून त्यांनी फोन मांडीवर पालथा ठेवला. मिरचीचं एक देठ खुडून ते सावकाश सांगू लागले. "मिरजंच्या डाक्टरनं मला भाईर बोलावून सांगितलं, ह्येंनी वाद्य तोंडाला लावायचं न्हाई. निस्तं धरून हुबं ऱ्हायलं तरी जोर येतोय छातीवर, म्हणला. मास्तरांना सांगितलं तर त्ये हसलं. शेजारी जोडीदार हाय तवर त्ये पेटी उगडणारच की. म्हणून म्या जोडी मोडली. साधं घरी बसलो असतो तर त्ये न्यायला आलं असतं. म्हणून डीजेवाल्याकडं गेलो. तितं काय त्ये येणार न्हवतं."

"घरी सांगायचं होतंत. आईला तरी."

"काय सांगू? मास्तर वाजवत न्हाईत म्हणून सांगू?" त्यांचा आवाज एकदम चढला, तो त्यांना कळला नसणार. "वैनी माज्यावर बोलल्या त्ये परवडलं. चार वर्सं जगलं की मास्तर. नाव घिऊन जगलं."

मी पिशवीतून छोटा स्पीकर काढला. ती ओळ, एकटी, ढोल आणि गळा काढून टाकलेली, मी त्यांच्यासाठी आणली होती. त्यांची स्वतःची ओळ. त्यांना ऐकू येत नाही हे तिथं जाईपर्यंत मला माहीत नव्हतं. तरी मी ती लावली. त्यांनी स्पीकरवर तळवा टेकवला आणि डोळे मिटले.

"निस्तं हादरतंय," थोड्या वेळानं ते म्हणाले.

मी ओळ बंद केली. जगातल्या कुठल्याही गाण्यातून कुणाचाही आवाज काढून देणारं यंत्र माझ्या पिशवीत होतं आणि समोरच्या माणसाला मी काही देऊ शकत नव्हते. मी फोन उचलला आणि बोलले, "त्या दिवशी दार मी लावलं होतं."

अक्षरं उमटली. त्यांनी ती वाचली, परत वाचली.

"ल्हान हुतीस तू."

"एकोणीस वर्षांची होते."

"मग ल्हानच की," ते म्हणाले. मिरच्यांवरचा हात त्यांनी धोतराला पुसला आणि माझ्या डोक्यावर ठेवला. मला तिथं रडायचं नव्हतं, पण रडले.

निघताना त्यांनी एकच मागितलं. "पोस्टर बदलू नगंस. पंचवीस वर्सं राकलंय म्या. येवढं तू राक."

मी हो म्हटलं आणि त्यांना कार्यक्रमाला या म्हटलं. ऐकू न येणाऱ्या माणसाला मैफलीचं आमंत्रण देणारी मी पहिलीच असेन. ते म्हणाले, "बगू."

पुढचे सहा दिवस मी माझ्याशीच भांडत होते. ती ओळ अण्णांची म्हणून वाजवायची, तर ज्या माणसावर आम्ही दार लावलं त्याचा सूर दुसऱ्यांदा घ्यायचा. आणि खरं काय ते सांगून टाकायचं, तर आईचा नवरा अठरा वर्षांनी दुसऱ्यांदा हिरावून घ्यायचा, तोही गावासमोर. मी पोस्टरकडे बघत बसायचे. पाचव्या दिवशी लक्षात आलं की पोस्टरवर 'अकरा सेकंदं' लिहिलंय, सूर असं कुठेच लिहिलेलं नाही.

कार्यक्रम संध्याकाळी सहाचा होता. नाट्यगृह भरलं. पहिल्या रांगेत आई, हिरव्या लुगड्यात, हातात अण्णांच्या पत्त्यांची डबी. ती का आणली ते तिलाही सांगता आलं नसतं. दारावरच्या माणसानं सगळ्यांना फोन बंद करायला लावले. दिवे मंद होताना मी पाहिलं, शेवटच्या रांगेत दाराशेजारच्या खुर्चीत तायाप्पा काका बसले होते. टोपी मांडीवर होती, आणि सांगितल्याप्रमाणे फोन बंद करून त्यांनी खिशात ठेवला होता.

मी सुरुवातीला गाणं आहे तसं लावलं. शिट्ट्या पडल्या, मागची पोरं उठून नाचायला लागली. मग मी एकेक गोष्ट काढत गेले. आधी कृत्रिम ठेका काढला, तसे नाचणारे गोंधळले. मग ढोल, मग कोरस, मग गायक. राहिली क्लॅरनेटची ओळ, एकटी. मला आईचा चेहरा दिसत होता. ती डबी छातीशी धरून ऐकत होती, आणि सुखात होती. तेवढ्यावर थांबले असते तर ती सुखातच घरी गेली असती. हे मला त्या क्षणीही कळत होतं.

मी ती ओळही काढली.

मागे उरला श्वास. बारीक शिट्टीचा, शेवटाला चिरकणारा. मग बोटांची टिकटिक, तिच्यात ती एक बोथट टिक. मग परत श्वास. ओळीच्या सगळ्या जागा तशाच होत्या, चढायची, थरथरायची, उतरायची. नुसता सूर नव्हता. एक माणूस पूर्ण ओळ मनात वाजवतोय आणि ती बाहेर पडत नाही, एवढंच ऐकू येत होतं. मी ती अकरा सेकंदं सात वेळा लावली, दर वेळी थोडी सावकाश.

संपल्यावर टाळ्या वाजल्या. आई टाळ्या वाजवत नव्हती. ती उठून थेट रंगमंचाच्या कडेला आली. मी खाली वाकले.

"ह्यो त्येंचा दम हाय," ती म्हणाली.

"होय."

"ह्यो दम मी वीस वर्सं उशाला ऐकलाय. ह्या दमानं जिना चढवत न्हवता त्येंना." ती थांबली. "मग सूर कुणाचा?"

मी शब्द दिला होता. पण डोळे माझ्या ताब्यात नव्हते, ते शेवटच्या रांगेकडे गेले. आईनं वळून पाहिलं.

लोक उठत होते, खुर्च्या वाजत होत्या. तिनं हातातल्या डबीकडे पाहिलं. मग लोकांना बाजूला सारत ती मधल्या वाटेनं मागे निघाली, आणि मी तिच्या मागे.

तायाप्पा काकांनी तिला येताना पाहिलं आणि ते उठून उभे राहिले. आई त्यांच्यासमोर जाऊन थांबली. "बसा भावजी," ती म्हणाली. तिचा आवाज फुटत होता. "बसा. उठू नगासा. बसा."

फोन बंद होता. त्यांना दिसले ते फक्त तिचे हलणारे ओठ आणि ओला, ताठरलेला चेहरा. त्या तोंडानं त्यांना शेवटचं काय सांगितलं होतं, ते ते अठरा वर्षं विसरले नव्हते.

"जातो वैनी," ते घाईनं म्हणाले. त्यांनी टोपी डोक्यावर ठेवली. "निस्तं बसलो हुतो. काय बोललो न्हाई कुणाला. जातो मी."

"बसा हो," आई म्हणत होती. ते मान खाली घालून दाराकडे वळले होते. मी त्यांच्या खिशातला फोन काढायला धावले, पण आई माझ्या आधी पोचली. तिनं मागून त्यांचं कोपर धरलं.

ते जागच्या जागी थांबले. वीस वर्षांची सवय. कोपराला हात लागताच त्यांनी छाती भरून दम घेतला, बोटं चाव्यांवर ठेवल्यासारखी उचलली, आणि वाजवायला हातात काही नव्हतं म्हणून तो दम तसाच धरून उभे राहिले.